मुक्या फितीला बसवलेला आवाज

सहा मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर समुद्र आहे, हे ऐकल्यावर ज्यांना पहिला प्रश्न ‘मग सहाव्या मजल्याच्या छताला ओल कशी येत नाही?’ असा पडतो, त्यांच्यासाठी तो सिनेमा नव्हता. पण तो लागला तेव्हा नेमके तसेच लोक तिकीट काढून आत गेले, आणि चौथ्या दिवशी सिनेमा उतरला. त्यातले नट पुन्हा कुठे दिसले नाहीत. दिग्दर्शकाने पुढे गणिताच्या शिकवण्या घेतल्या म्हणतात. वर्तमानपत्रांत दोन परीक्षणं आली. त्यांतलं एक फार चांगलं होतं, पण ते दुसऱ्या सिनेमाचं होतं. छापखान्यात मथळे बदलले होते.

गोष्ट तशी साधी. एका लिफ्टमनला एके दिवशी लिफ्टमध्ये सातवं बटण दिसतं. तो ते दाबतो, दार उघडतं, समोर समुद्र. तो हे फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्ट मुलीला सांगतो, आणि ती विश्वास ठेवते. इमारतीच्या मालकाला कळतं, आणि तो समुद्राला भाडं लावायच्या विचारात पडतो. समुद्र म्हणजे निळं प्लॅस्टिक आणि दोन टेबलफॅन. त्यात सायकलच्या ट्यूबांचा एक ऑक्टोपस आहे आणि त्याच्या एका हातावर हवा भरायचा वॉल्व्ह स्पष्ट दिसतो. या सिनेमावर जीव टाकणारी एकतीस माणसं होती आणि त्या एकतीस जणांच्या मते जगातल्या कुठल्याही ऑक्टोपसला इतका सच्चा चेहरा मिळालेला नाही.

या एकतीस जणांचं ‘समुद्र मंडळ’ होतं. थिएटरात तो सिनेमा त्यांतल्या कुणीच पाहिला नव्हता. वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत पडदे ओढून सिनेमा दाखवला जाई. आणि त्या खेळाचा सूत्रधार म्हणजे कवळीवाला.

कवळीवाला दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होता. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येत. तो त्यांवर मेणात एकेक दात बसवून कवळ्या तयार करी. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. याचं भरलं होतं, वर दोन मुलींची शिक्षणंही झाली होती. ज्या माणसाला आपण जन्मात पाहिलेलं नाही, त्याच्या तोंडात काय शोभेल हे नुसत्या साच्यावरून ओळखायचं, हा त्याचा धंदा. म्हणूनच मेहुण्याने एका बंद पडलेल्या थिएटरच्या भंगारातून या सिनेमाची फीत आणली, ती लावली आणि ती मुकी निघाली, तेव्हा बाकीचे हळहळले आणि कवळीवाल्याचे डोळे चमकले.

मुकी का, तर फितीचे डबे कित्येक वर्षं इंचभर पाण्यात आडवे पडून होते. आवाजाची पट्टी फितीच्या एका कडेला असते. नेमकी तीच कड खाली होती. डबे उलटे ठेवले असते तर दुसऱ्या कडेची भोकं गेली असती आणि सिनेमा मशीनवर चढलाच नसता. कवळीवाला याला दैवाची कृपा म्हणे. त्याची बायको याला नगरपालिकेची गटारं म्हणे.

मग मंडळाने सिनेमाला आवाज बसवला. ग्रंथपालबाईंनी जुन्या कागदांतून गाण्यांचं चोपडं शोधून काढलं. त्यात चार गाण्यांचे शब्द होते. संवाद ओठांवरून काढायचे ठरलं, आणि ते काम साहजिकच कवळीवाल्याकडे आलं. ओठ कधी मिटतात, वरचे दात खालच्या ओठाला कधी टेकतात, जीभ कुठे जाते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? खेळ चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून टायपिस्टचं काम ग्रंथपालबाई बोलत, मालकाचं काम वकीलसाहेब गरजत, आणि लिफ्टमनचं काम मेहुणा प्रोजेक्टर चालवता चालवता करी. सातव्या मजल्याच्या लाटांसाठी कवळीवाला प्रयोगशाळेतलं प्लॅस्टर हलवायचं यंत्र पत्र्याच्या डब्यावर ठेवून चालू करी. पहिल्या रांगेत बसणाऱ्यांची हाडं हालत. लोक त्यासाठी लवकर येऊन पुढची जागा धरत.

पण त्याची खरी कमाई म्हणजे हॉटेलातलं गाणं. टायपिस्ट गाते आणि तिच्या मागे एक अकॉर्डियनवाला पूर्ण तीन मिनिटं वाजवताना दिसतो. त्याची बोटं आणि पट्ट्या दोन्ही स्वच्छ दिसतात. कवळीवाल्याने अकरा महिने भिंग लावून ती फीत एकेक चित्र करत पाहिली, कुठलं बोट कुठल्या पट्टीवर पडतं ते वहीत उतरवलं, एक जुनं अकॉर्डियन मिळवलं आणि चाल वाजवली. असली चाल कुणी कधी बांधली नव्हती. ती वर जाता जाता मध्येच खाली पडे, तिथे लंगडे, आणि कुणाची अपेक्षा नसताना संपे. मंडळ वेडं झालं. वकीलसाहेबांनी वार्षिक पुस्तिकेत नऊ पानी लेख लिहिला, ‘हेतुपूर्ण विसंगतीचे सौंदर्य’. तेव्हापासून बावीस वर्षं ते गाणं लागलं की एकतीसच्या एकतीस माणसं उभी राहून गात.

असं सगळं सुरळीत चालू असताना, खेळाला नऊ दिवस उरले असता, प्रयोगशाळेच्या दारात एक बाई खोकं घेऊन उभी राहिली.

“समुद्रवाले तुम्हीच का?”

“हो. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिथे खालचे जबडे वाळताहेत.”

ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. ती जनावरांची डॉक्टरीण होती. खोक्यावर जंताच्या औषधाचं नाव होतं. “माझे वडील साउंड रेकॉर्डिस्ट होते,” ती म्हणाली. “या सिनेमाचं पार्श्वसंगीत, गाणी, संवाद, सगळं त्यांनीच टेपवर घेतलं होतं. कपाट आवरताना या टेपा सापडल्या. सहा आहेत. तुमच्याकडे टेप वाजवायचं मशीन आहे असं ऐकलं.”

कवळीवाल्याच्या हातात एक वरची दाढ होती. ती त्याने मेणात उलटी बसवली.

“सगळा आवाज?”

“सगळा असावा. मी कधी ऐकला नाही, आमच्याकडे मशीनच नव्हतं. बाबा म्हणायचे, आयुष्यात एकच काम मनासारखं झालं आणि ते चार दिवसांत खलास. तुमचा खेळ आहे ना पुढच्या रविवारी? त्यात लावाल? मी येते ऐकायला.”

“लावतो की,” कवळीवाला म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

जेवणाच्या सुट्टीत बाकीची माणसं बाहेर गेल्यावर त्याने डबा बाजूला सारला आणि टेपा कोपऱ्यातल्या मशीनवर चढवल्या. आधी हॉटेलच्या गाण्याची. मनात त्याने आपली चाल तयारच ठेवली होती, एखादा सूर इकडेतिकडे असेल म्हणून थोडी सवलतही दिली होती.

एकही सूर जुळला नाही.

टायपिस्टचा आवाज खालच्या पट्टीतला होता, घसा नुकताच जागा झाल्यासारखा. ती गात होती त्यापेक्षा सांगत जास्त होती. मागे एकच चेलो, आणि दर ओळीच्या शेवटी लिफ्टची घंटा, अगदी हलकी, जणू कुणीतरी वरच्या मजल्यावर पोचलं. चाल साधी होती. इतकी साधी की दुसऱ्या कडव्याला कवळीवाला ती गुणगुणायला लागला आणि तिसऱ्याला त्याला कळलं की यात अकॉर्डियनच नाही. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत अकॉर्डियन नावाचं वाद्य त्या गाण्यात कुठेही नव्हतं. पडद्यावरचा तो माणूस एक्स्ट्रा होता. हॉटेल भरलेलं दिसावं म्हणून त्याच्या गळ्यात कुणीतरी अकॉर्डियन अडकवलं होतं. त्याची बोटं कुठे पडत होती याला त्याच्या कंटाळ्याखेरीज कशाचाही आधार नव्हता. त्या कंटाळ्यावर अकरा महिन्यांची मेहनत आणि नऊ पानांचा लेख उभा होता.

कवळीवाल्याने टेप थांबवली. पाणी प्याला. मग सातव्या मजल्याची टेप लावली. एवढं तोंड भाजल्यावर आता फुंकून प्यायचं काय.

लिफ्ट चढते. दार सरकतं. आणि समुद्राचा आवाज येतो, फक्त तो पाण्याचा नाही. तो टाइपरायटरांचा आहे. शंभरएक टाइपरायटर, फार लांबून, एकत्र. ते चढत जातात, फुगतात, आणि लाट फुटायच्या जागी ओळ संपल्याची ती छोटी टिंग वाजते, मग कागदाची गाडी मागे ओढल्याची लांब खरखर, वाळूवरून पाणी परत जावं तशी. त्या टायपिस्ट मुलीने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. तिने दिवसभर ऐकलंय ते हेच. मग तिचा समुद्र दुसऱ्या कशाचा असणार? एका माणसाने हे कुठेतरी खोलीत बसून शोधून काढलं होतं, आणि ते चार दिवस ऐकू आलं, छताच्या ओलीची काळजी करणाऱ्यांना. आणि आपण तिथे बावीस वर्षं पत्र्याचा डबा हलवत होतो.

मेण थंड होऊन दगड झालं होतं. त्याने ती टेप पुन्हा लावली.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपाटातले कपडे लावत होती.

“मग चांगलंच झालं की,” ती म्हणाली.

“चांगलं काय? माझं गाणं खोटं निघालं.”

“मला ते कधी आवडलंच नव्हतं.”

“हे आज सांगतेस? बावीस वर्षांनी?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वाजवायचात, लोक उभे राहायचे. उभ्या माणसांत एकट्या बाईने बसून राहायचं म्हणजे पाय दुखतात असं सांगावं लागतं. मी उभी राहायचे.” तिने एक शर्ट घडी करून त्याच्या हातात दिला. “आता काय, लपवणार आहात?”

“छे. लपवायचं कशाला.”

आणि दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, की टेपा जुन्या आहेत, एकमेकींना चिकटल्यात, या खेळापर्यंत काही सुटायच्या नाहीत.

“असं होय,” ती म्हणाली. “ओढू नका मग. आमच्याकडेही चिकटलेलं काही ओढलं तर फाटतंच. मी तरी येईनच रविवारी. बाबांचं नाही तर नाही, तुमचं ऐकते.”

याहून तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे तीन दिवस कवळीवाल्याने ताकास तूर लागू दिली नाही. दुपारी तो दार लावून टेपा ऐके, आणि दर वेळी त्याला नवं काही सापडे. एका प्रसंगात लिफ्टमन बोलत असताना मागे त्याच्याच खिशातल्या किल्ल्या वाजतात, आणि तो खोटं बोलायला लागला की थांबतात. ऑक्टोपस येतो तेव्हा ढोल नाहीत की किंचाळ्या नाहीत. फक्त सायकलची घंटी, दूरवर, एकदाच. म्हणजे तो वॉल्व्ह चुकून दिसला नव्हता. आवाजवाल्याला तो दिसला होता, आणि त्याने तो झाकला नाही, उलट ऑक्टोपसला त्याचा भूतकाळ बहाल केला. कवळीवाला खुर्चीत बसून एकटाच हसला. असा माणूस आपल्या मंडळात पाहिजे होता. असा माणूस असताना आपलं मंडळ कशाला पाहिजे होतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

चौथ्या दिवशी दाढा बसवताना तो गुणगुणत होता. शेजारच्या टेबलावरची प्लॅस्टरवाली म्हणाली, “हे छान आहे. नेहमीचं ते लंगडं गाणं नाही वाटतं आज?”

त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि फोन उचलला.

“टेपा चिकटल्या नव्हत्या,” तो म्हणाला.

“मला वाटलंच होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“कसं काय?”

“मालक जेव्हा सांगतात की कुत्र्याने गोळी गिळली, तेव्हा आवाज असाच येतो. बरं मग, लावताय?”

“मंडळाला ऐकवतो. पण लावतोच.”

मंडळाला, म्हणजे वकीलसाहेब, ग्रंथपालबाई आणि मेहुणा यांना त्याने प्रयोगशाळेत बोलावलं. तिघं जबड्यांच्या साच्यांमध्ये दाटीवाटीने बसले आणि दोन तास कुणी हललं नाही. वकीलसाहेबांचा मालक, जो बावीस वर्षं पडदा फाटेल असा गरजत होता, तो टेपवर दुधाच्या सायीसारखं मऊ बोलत होता. त्याचं सगळ्यात गाजलेलं वाक्य, ‘तुला समुद्रात बुडवीन’, ही तर धमकीच नव्हती. तो ‘तुला समुद्र पुरवीन’ म्हणत होता. ओठांना दोन्ही सारखंच.

“हा आवाज अस्सल आहे, याला पुरावा काय?” वकीलसाहेब म्हणाले.

“माझे कान,” कवळीवाला म्हणाला.

“कान पक्षकाराचे आहेत. शिवाय लोक येतात ते आपला खेळ पाहायला. ही परंपरा आहे.”

“तुम्हाला ओरडायला मिळणार नाही म्हणून रडताय,” मेहुणा म्हणाला. “आमच्या दाजींचं तर आख्खं गाणं जातंय, ते बघा कसे बसलेत.”

“तेच विचारतो,” वकीलसाहेब कवळीवाल्याकडे वळले. “तुमचं गाणं जाईल. नऊ पानं लिहिलीत मी त्याच्यावर.”

“ते माझं नव्हतंच, साहेब. त्या एक्स्ट्राचं होतं. आणि त्यालाही माहीत नव्हतं.”

सगळ्यांत जास्त जाणार होतं ते ग्रंथपालबाईंचं. टायपिस्टचं काम त्या अशा तन्मयतेने बोलत की वाचनालयातही एखाद्याने पुस्तक उशिरा आणलं तर त्याच आवाजात रागावत. त्यांनी चष्मा पुसला.

“मी तिला सगळा वेळ सर्दी झाल्यासारखं बोलायला लावलं,” त्या म्हणाल्या. “किती छान आवाज आहे हो तिचा. लावा. मी पुढच्या रांगेत बसणार. मला एकदा हा सिनेमा बघायचाय.”

वकीलसाहेबांनी ठराव तोंडी मांडला, स्वतःच विरोधात मत दिलं, आणि तो तीन विरुद्ध एक असा मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

एक अडचण उरली. मशीनला नवा पट्टा घातल्यापासून टेप अंमळ भरभर धावे. दोन मिनिटांत आवाज ओठांच्या पुढे जाई. उपाय कवळीवाल्यानेच काढला. टेप सुटते त्या चकतीवर अंगठा टेकायचा, नजर पडद्यावरच्या ओठांवर ठेवायची, आणि आवाज पुढे पळायला लागला की अंगठा जरासा दाबायचा. ओठ मिटले की ‘म’ आला पाहिजे. हे काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी दुपारी खोली भरली. वकीलसाहेबांनी सुरुवातीला दोन शब्द सांगितले, ते पंधरा मिनिटं चालले. यंदा खरा आवाज आहे एवढाच त्यांचा मथितार्थ होता, पण तो प्रस्तावनेत हरवला. डॉक्टरीणबाई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पडदे ओढले गेले. मेहुण्याने प्रोजेक्टर चालू केला. कवळीवाल्याने अंगठा टेकला.

पहिली दहा मिनिटं लोक गोंधळले. मग ते किल्ल्यांचं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि खोलीभर कुजबुज गेली. ‘तुला समुद्र पुरवीन’ला मोठा हशा झाला, आणि वकीलसाहेब अंधारात असे ताठ बसले की तो हशा त्यांनीच मिळवला. कवळीवाला ओठांवर डोळे लावून बसला होता. त्याचा अंगठा तापला होता. टायपिस्टने ‘मी’ म्हटलं की ‘मी’ ऐकू येत होतं, आणि दर वेळी त्याला वाटे, बसला, दात जागेवर बसला.

मग हॉटेल आलं. टायपिस्ट उठली, मागे अकॉर्डियनवाला दिसला, आणि सवयीने खोलीभर खुर्च्या कुरकुरल्या. माणसं उभी राहिली. पहिल्या सुराआधीच त्यांनी छाती भरून कवळीवाल्याची चाल धरली, ती वर जाणारी, पडणारी, लंगडणारी. टेपवरचा आवाज त्याखाली पूर्ण बुडाला. चेलो गेला, घंटा गेली. लोक कवळीवाल्याकडे बघून हात हलवत होते. आवाज खरा असो की खोटा, गाणं तुमचंच, असं जणू त्यांना म्हणायचं होतं. बावीस वर्षांत ते इतक्या जोरात कधी गायले नव्हते.

तिसऱ्या रांगेत डॉक्टरीणबाई एकटी बसून होती. ती पुढे वाकली होती आणि तिने एक हात कानामागे धरला होता.

कवळीवाला अंगठा न हलवता उभा राहिला. मशीनशेजारचा दिवा त्याने दुसऱ्या हाताने लावला, म्हणजे तो सगळ्यांना दिसला.

“जरा गप्प बसता का,” तो म्हणाला. “गाणं चालू आहे.”

पुढची रांग थांबली. मग मधल्या. मागून कुणीतरी एकट्यानेच अजून एक ओळ ओढली आणि तीही अर्ध्यात सोडून दिली. माणसं एकेक करून खाली बसली. आणि मग खालच्या पट्टीतला तो आवाज आला, सांगितल्यासारखा, आणि ओळीच्या शेवटी लिफ्टची घंटा.

दुसऱ्या कडव्याला कुणी खोकलंही नाही. पडद्यावर त्या एक्स्ट्राची बोटं आपली चाललीच होती, वर, खाली, मनाला येईल तिथे. कवळीवाला त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याने दिवा मालवला, अंगठा हलकेच दाबला, आणि टायपिस्टचे ओठ मिटायची वाट बघू लागला.